घासू नये, उकळावं

मी एक जुनं ॲल्युमिनियमचं पातेलं आहे, मित्रांनो. वीस लिटर मावतं माझ्यात. रंग राखाडी, कडा ठेचलेल्या. दिसायला मी काही देखणं नाही. अमेरिकेतल्या डुलुथ शहरातल्या एका चर्चमध्ये वर्षानुवर्षं मी सूप शिजवलं. मग जुन्या सामानाच्या विक्रीत आर्डिसबाईंनी मला उचललं. त्या टपाल वाटून निवृत्त झालेल्या, आणि घरी बिअर करायच्या.

नऊ वर्षं मी दुसऱ्यांच्याच कृती उकळल्या. बाईंचा धाकटा भाऊ ऑरिन प्रत्येक वेळी चिडवायचा, "छान झालीय हां! पुस्तकातलं पान कितवं?" बाई हसायच्या, पण ते त्यांना लागायचं. जत्रेतल्या स्पर्धेत एकदा तरी स्वतःच्या कृतीची बिअर ठेवायचीच, असं त्यांनी मनावर घेतलं.

जवाबरोबर त्यांनी रानतांदूळ भाजून घातला, बिअरला कडवटपणा देणारी हॉप्सची फुलं कमी करून स्प्रूस झाडाचे कोवळे शेंडे टाकले. पहिली खेप खोकल्याच्या औषधासारखी झाली, दुसरी पाणचट. तिसरीबद्दल न बोललेलं बरं. चौथीचा घोट घेऊन बाईंनी लगेच दुसरा घेतला. मग म्हणाल्या, "ही माझी." मला फार आनंद झाला.

आता फक्त स्पर्धेची खेप राहिली होती. शेंडे जूनमध्येच मिळतात आणि फ्रीजरमध्ये शेवटची पिशवी उरलेली. ती खेप उकळायच्या आदल्या दिवशी बाई बाहेर गेल्या असताना ऑरिन आला. "असल्या मळक्या भांड्यातून बक्षीस येतं होय?" असं पुटपुटत त्याने तारेच्या घासणीने मला आतून लख्ख केलं.

"अरे, आरसाच केलास की!" बाई कौतुकाने म्हणाल्या.

महिन्याभराने बाटली उघडली.

"खिळा चघळल्यासारखं लागतंय," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पेला खाली ठेवला.

बिअर करणाऱ्यांच्या मंडळात विचारल्यावर कारण कळलं. तो राखाडी थर मळ नव्हताच. त्याच्यामुळे धातूची चव बिअरमध्ये उतरत नव्हती. स्पर्धा हुकली. ऑरिन दारात मान खाली घालून उभा राहिला.

"अगं, मला वाटलं, तुला मदत होईल."

"माहितेय रे. म्हणूनच धड रागावताही येत नाही."

पुढच्या जूनमध्ये डासांचे चावे सोसून त्याने दोन पिशव्या शेंडे आणले. मग तासभर शेगडीपाशी उभं राहून माझ्यात नुसतं पाणी उकळलं. मी हळूहळू पुन्हा राखाडी झालं. त्या वर्षी बिअर साधली, आणि बाईंनी आपली कृती वहीत उतरवली. पहिली ओळ अशी: 'ऑरिनने पातेल्यात तासभर पाणी उकळावं.'

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर माया जरूर करा. फक्त घासणी उचलण्याआधी एकदा विचारा.