उणे काच

मित्रांनो, काचा कापायच्या कारखान्यातला मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे. माझ्या अंगावर बरोबरचं बटण नाही आणि मला त्याची लाजही नाही. आधी आकडे द्या, मग त्यांचं काय करायचं ते सांगा, ही माझी रीत. आकडे माझ्या पोटात ताटांसारखे एकावर एक बसतात. चिन्ह दाबलं की वरचे दोन उचलतो, उत्तर काढतो आणि ते परत चवडीवर ठेवतो. कंस नकोत, नखरे नकोत.

घडवणाऱ्याने माझी बटणं अशी पक्की बसवली, की कारखाना चालवणाऱ्या दोन जावांपैकी थोरलीच्या बोटांखालीही ती टिकली. बाई हात लावील ते मोडायची, पण माझी मापं चुकली नाहीत. तिचा नवरा म्हणायचा, "तुझा माझ्यापेक्षा ह्या डबड्यावर विश्वास." ती म्हणायची, "ते उलटून बोलत नाही."

मग धाकटी जाऊ कॉम्प्युटर घेऊन आली.

"जाऊबाई, तुमची ही उलटी रीत मी कॉम्प्युटरला शिकवते. मग हे डबडं टाकायचं."

"शिकव. बरोबर आलं तर मीच उचलून देईन."

खिडकी नव्वद सेंटीमीटर रुंद. फटींचे सहा वजा, उरलं त्याचे दोन भाग. धाकटीने प्रोग्रॅम लिहिला आणि त्याला नव्वद दिले, सहा दिले, वजा सांगितलं. पडद्यावर आलं उणे चौऱ्याऐंशी.

"उणे काच? ती कुठे बसवू गं, तुझ्या माहेरी?" थोरली खदखदून हसली. सगळा कारखाना हसला. धाकटीचा चेहरा उतरला.

तिने मला ओढून घेतलं. तेच आकडे दाबले, माझ्याकडे टक लावून पाहत राहिली. मी मनात ओरडत होतो, 'अगं शहाणे, वरचं ताट आधी हाती येतं, म्हणून ते आधीचं होत नाही! सहा वजा करायचे, सहातून नाही!'

तिला कळलं. कॉम्प्युटरमधल्या वजाबाकीचा क्रम तिने उलटा केला, भागाकारातही तोच लावला. बेचाळीस आले. काच खिडकीत चपखल बसली.

थोरली शब्दाची पक्की. तिने मला उचलून दिलं. धाकटीने मला कपाटात ढकललं. माझ्याकडूनच शिकली, पण साधे सेल काढायचं तिला सुचलं नाही. ते आत फुटले, ओघळले, माझी ताटं आतल्या आत गंजली.

मित्रांनो, जुन्याला बाजूला करायचं तर खुशाल करा, आम्ही पाया पडणार नाही. पण त्याचे सेल तेवढे काढून ठेवा. शिकवणाऱ्याला सडवू नका.