पोळ्याची फियाट

आमच्या सुग्रीवचं वागणं मला पटत न्हाई, हे मी त्याच्या तोंडावर सांगितलंय, आता लिहूनही ठेवते. दुष्काळात मी, त्याची म्हातारी आई, दोन बैल घेऊन दूध सोसायटीच्या चारा छावणीत पाचटाच्या झापाखाली पडलेली, आणि हा बाबा कर्नाटकातल्या बीदरहून कुणा डॉक्टरची जुनी फियाट घेऊन आला. माझ्या लग्नाएवढी जुनी गाडी! "आई, गाडीला आपल्याकडचा नंबर पडू दे, मग छावणीत मी राहतो, तू घरी जा," म्हणला. तिकडचा ना हरकत दाखला आणता आणता उन्हाळा गेला, पोळाबी गेला. मी आपली छावणीतच.

शेवटी अंबाजोगाईच्या आरटीओत गाडी तपासायची तारीख मिळाली. त्या दिवशी सकाळीच मला न्यायला हजर.

"मी कशाला? गाडी मी चालवती व्हय?"

"म्हातारं माणूस बघितलं की साहेब नरम पडतो, आई."

शेजारच्या दावणीवरल्या कडूबाईला बैलांकडं बघायला सांगितलं आणि बसले.

साहेब पोरगेलाच, पण बोलायला नीट. "मावशी, सावलीत बसा," म्हणाला. मग बॉनेट उघडून वाकला तो वाकलेलाच राहिला.

"हे लाल काय लावलंय?"

सुग्रीव पायाकडं बघत म्हणाला, "बैलाच्या शिंगांना लावायचा हिंगूळ हाय, साहेब. बैल छावणीत. पोळ्याला दारात जनावर न्हाई, मग गाडीलाच झूल घातली, ओवाळलं. शिंगं तर न्हाईत, म्हणून मग तिथं..."

माझे बैल सणाला बिनरंगाचे उभे राहिले, आणि ह्यानं लोखंड रंगवलं!

"रंगाचं राहू द्या," साहेब म्हणाला. "इथल्या चॅसी नंबराचे शेवटचे आकडे कुठं गेले?"

"रंग निघंना, म्हणून काल कानशीनं घासलं."

साहेबानं कपाळाला हात लावला. "अहो, लोखंडात ठोकलेला नंबर खरवडला की गाडी चोरीची तर नाही ना, असा संशय येतो. आता बीदरहून खातरजमा होईपर्यंत ही पास होत नाही."

"किती दिवस लागत्याल?"

"ते मला सांगता येणार नाही."

सुग्रीव माझ्या कानाशी आला. "आई, बोल की कायतरी. रड जरा."

"रडती की घरी जाऊन," मी म्हणलं. साहेबाला म्हणलं, "लेकरा, तुझं बरोबर हाय."

परतीला गाडी थेट छावणीच्या फाटकाशी थांबवली ह्यानं. "आई, अजून जरा कळ काढ. नंबर पडला की मी..."

मी जागची हलले न्हाई. "तूच उतर, सुग्रीव. गाडीला नंबर पडू दे न्हाईतर न पडू दे, आजपास्नं छावणीत तू राहायचं. पेंड कवा वाटत्यात ते कडूबाईला इचार. मी यष्टीनं घरी चालले, आन् मला आणायला पुन्हा येऊ नको."