गहाण इंजिनावरची पाटी

मी एक जुनी पाटी आहे, मित्रांनो. शाळेतली नव्हे, दारावरचीही नव्हे. तळहाताएवढी पोलादी पाटी, सरकारी विमान कंपनीच्या एका इंजिनावर चार रिव्हेटांनी ठोकलेली. माझ्यावर कोरले आहे, 'हे इंजिन कर्ज देणाऱ्यांकडे गहाण आहे. त्यांच्या परवानगीशिवाय हलवू नये.'

कंपनीला इंजिने हवी होती आणि तिजोरीत खडखडाट होता. सरकारने तिला ठरावीक मर्यादेपर्यंत कर्ज काढायचा अधिकार दिला. पण पैसे बुडाले तर, असे कर्ज देणाऱ्यांनी विचारले आणि माझा जन्म झाला. मला बसवले मोठ्या मिस्त्रींनी. दर सोमवारी ते मला फडक्याने पुसत. कर्ज देणाऱ्यांकडच्या एक बाई वर्षातून एकदा तपासायला यायच्या आणि "छान ठेवलीय हो!" म्हणायच्या, तेव्हा मी फुशारून जायचे.

पुढे जुने कर्ज फेडायला नवे कर्ज सुरू झाले. सरकारने मर्यादा वाढवली, पुन्हा वाढवली. अंथरूण तेवढेच, पाय मात्र लांबतच चालले. मग हप्ते थकले, पगारही थकले. माझ्यावर काजळी चढली. मिस्त्रींचे अकरा महिन्यांचे पगार अडकले. त्यांची बायको शिवणकाम करायची. मोतीबिंदूमुळे आता तिला सुईत दोरा ओवता येईना आणि ऑपरेशन पगारावाचून अडले होते.

एके सकाळी कळले, की कर्ज देणाऱ्यांची माणसे कोर्टाचा हुकूम घेऊन इंजिन न्यायला निघाली आहेत. डबा घेऊन आलेली बायको मिस्त्रींना म्हणाली, "चार रिव्हेट तर आहेत. काढून टाका ती पाटी आणि इंजिन दुसऱ्या विमानाला लावा. विमान उडालं तर तुमचा पगार तरी होईल."

मिस्त्रींनी ड्रिल उचलले. मी भीतीने गार पडले. आणि खरे सांगू? काढा मला, असेही वाटत होते. त्या माउलीच्या डोळ्यांपुढे माझी काय किंमत!

ड्रिलचे टोक रिव्हेटला टेकले आणि थांबले.

"नाही गं. ही पाटी बघून त्यांनी पैसे दिलेत. ती मीच लावलीय."

"आणि तुम्ही कुणाच्या भरवशावर राबलात?"

मिस्त्रींनी ड्रिल खाली ठेवले.

दुपारी कंपनीचे साहेब कुणाचे किती देणे आहे त्याची यादी घेऊन आले. मिस्त्रींनी विचारले, "साहेब, माझे अकरा पगार?"

"तुमचं नाव आहे ना यादीत. पण आधी पाटीवाले. उरलं तर तुम्हाला."

"उरेल?"

साहेबांनी यादीची घडी घातली. "इंजिन उतरवायला माणूस हवाय. तुम्हालाच जमतं म्हणे."

मिस्त्रींनी ते उतरवले. एक ओरखडा येऊ दिला नाही. बायको बाजूला बसून निघालेले बोल्ट चाचपून डब्यात ठेवत होती. शेवटी तिने माझ्यावरून बोटे फिरवली, अक्षरामागून अक्षर.

"यात तुमचं नाव कुठंय हो?"

मिस्त्री तिचा हात धरून निघून गेले. मी आता एका परक्या गोदामात आहे. इंजिन विकले गेले, तर बुडीत कर्जातले थोडे वसूल होईल. ज्यांनी विश्वासाने दिले त्यांचे बुडू नयेच. पण मित्रांनो, मोठे होऊन तुम्ही कधी अशी पाटी कोरायला घ्याल, तर हात जोडून सांगते, ती ठोकणाऱ्याचा पगार आधी तिच्यावर लिहा. नंतर जागा असते, पण कुणी लिहीत नाही.