न रडणारं बाळ

"पट्टे सोडा," बुरुलकान म्हणाली.

कालमुर्झा पाळण्याला गुडघा टेकून बसला होता. तो हलला नाही. "आत्ताच झोपलाय. बांधून ठेवलाय म्हणून तर झोपलाय. त्याचे चाळीस दिवस व्हायचेत अजून. तू बाहेरून आलीस, दारात धुरावर हात तरी धरलेस का?"

"धरले, आके," गावातल्या वडीलधाऱ्यांना म्हणतात तसं ती म्हणाली. "तुमच्या सुनेनं धरायला लावले."

सून मीरगुल दाराशी उभी होती, नजर खाली. गावच्या दवाखान्यातल्या या नर्सला तिनंच निरोप धाडला होता, सासऱ्याला न विचारता. कालमुर्झाला ते आत्ता कळत होतं.

तो गावाचा पाटकरी होता. डोंगरावरून उतरणारं बर्फाचं पाणी कोणाच्या बटाट्याला आणि कोणाच्या जवाला किती वेळ, हे ठरवण्यात त्याचं आयुष्य गेलं. अशा माणसाला संशय घ्यावाच लागतो. "मी पाटाचं दार मोडलं नाही, पाणीच फुटलं," असं सांगणारे कित्येक जण त्याने ओल्या बुटांवरून पकडले होते. हळूहळू ती सवय घरात आली. बायको हसायची. "माझेही बूट बघून घ्या," म्हणायची.

मागच्या पानगळीत पाय सुजले म्हणून बायकोला, झूराकानला, खाली ओश शहरात नेलं. गाडीत ती आपल्या पायांनी चढली. परत आली ती आडवी. आणायला उशीर केलात, असं तिथला डॉक्टर म्हणाला. हे ते सगळ्यांनाच सांगत असणार, असं कालमुर्झाला वाटलं. अजूनही वाटत होतं.

मग नातू झाला. बाळाचा बाप मिर्लान रशियात बांधकामावर. त्याने पोराला फोनमध्येच पाहिलं. म्हणजे राखण आजोबावरच आली. शेजारची बातमा विरजण मागायला आली, तिला त्याने अंगणातूनच परत पाठवलं. बाळाचे चाळीस दिवस होईपर्यंत घरातून विरजण बाहेर देत नाहीत, हे तिला माहीत नाही? मग आली कशाला? बघायलाच, दृष्ट लावायला. त्यानंतर दूध पिताना बाळाच्या कपाळावर घाम यायला लागला. दोन घोट घ्यायचं आणि डोळे मिटायचं. कालमुर्झा रोज संध्याकाळी खोलीत आर्चा या डोंगरी झाडाच्या डहाळ्यांचा धूर करू लागला. पण पोर मात्र गुणी. रडणं म्हणून नाही. आजीवर गेलंय, असं तो मनात म्हणायचा. मोठ्याने बोलायची भीती वाटायची.

"आके, मी दुसऱ्यांदा सांगत नाही," बुरुलकान म्हणाली.

"तुझ्या दिराची गाडी रोज ओशला जाते. सीट रिकामी राहिली असेल, म्हणून आजारी शोधत फिरतेस."

"माझा दीर मलासुद्धा फुकट नेत नाही. सरका."

सरकली ती मीरगुल. सासऱ्याच्या अंगावरून वाकून तिने पाळण्याचे रुंद पट्टे सोडले, दुपटं बाजूला केलं. पट्ट्यांखाली इतके दिवस न दिसलेलं दिसलं. बाळाची छाती भराभर वरखाली होत होती. दर श्वासाला फासळ्यांमध्ये खळगे पडत होते. पाळण्यात मात्र सगळं शांत होतं.

बुरुलकानने नळी कानाला लावून छाती ऐकली. बराच वेळ ऐकली. मग पोराच्या तळपायाला बोटं लावून पाहिली.

"याला खाली न्यायला हवं. आजच."

"हा तुझ्याच हातात जन्मला ना?" कालमुर्झाने विचारलं. "तेव्हा टाहो फोडला होता. गल्लीत ऐकू गेला. तेव्हा तूच म्हणालीस, घोडा आहे घोडा. आता काय झालं?"

"तेव्हा छातीत हा आवाज नव्हता. ऐका तरी. पोटात पोराला श्वास नसतो. फुप्फुसं मिटलेली, पाण्यानं भरलेली. तिथं रक्त नेऊन करायचं काय? म्हणून ते एका आडवाटेनं परस्पर अंगाकडे जातं. जन्मला, रडला, की हवा आत शिरते, पाणी जिरतं, फुप्फुसं उघडतात. मग त्या आडवाटेचं काम संपतं. ती आकसते आणि दोन-तीन दिवसांत मिटते."

"जुना चर बुजतो."

"तसंच. पण आपल्याकडची हवा विरळ. इतक्या उंचावर कधी कधी तो बुजायचा राहून जातो. आता अंगाकडे निघालेलं रक्त त्याच चरातून उलटं फुप्फुसात घुसतंय. फुप्फुसं चिंब झालीत आणि हृदय उपसून उपसून दमलंय."

"मग पहिल्या दिवशी का नाही कळलं?"

"पहिले काही दिवस फुप्फुसं घट्ट असतात, तिकडे फार ओढ नसते. ती सैलावली की गळती वाढते, मग ऐकू येते."

"सोयीचं उत्तर आहे."

बुरुलकानने कानातली नळी काढून त्याच्या हातात दिली. "घ्या. माझ्यावर विश्वास ठेवू नका."

त्याने आधी ती स्वतःच्या छातीवर लावली. नळीच खराब असली तर? आत संथ ठोके पडत होते, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये शांतता होती. मग त्याने तोंडाची वाफ देऊन ती चकती गरम केली आणि नातवाच्या छातीवर ठेवली.

तिथं शांतता नव्हती. ठोका, आणि ठोक्यामागून घरघर, आणि ती विरायच्या आत पुढचा ठोका. फळी टाकून दार बंद केलं तरी खालच्या फटीतून पाणी पळत राहतं, तसा आवाज. हा आवाज ऐकून तो मैलभर पाट तुडवत गेला होता, चोर शोधायला. इथं चोर कोणी नव्हता. त्याने बातमाला आठवून पाहिलं, राग येईना.

"झूराकानला नेतानाही म्हणाले होते, काही होणार नाही," तो म्हणाला. "काय केलं तिचं तिथं?"

"मला माहीत नाही, आके. मी तिथं नव्हते."

त्याने वर पाहिलं. आजवर प्रत्येकाने त्याला काही ना काही समजावलं होतं. डॉक्टरने, मुल्लाने, मुलाने फोनवरून. माहीत नाही, असं कोणी म्हटलं नव्हतं.

"आणि याचं काय करतील?"

"खाली दाट हवेत काहींची वाट आपोआप मिटते. नाहीच मिटली तर डॉक्टर ती दोऱ्यानं बांधतात. हा जगेलच असं मी म्हणत नाही. इथं ठेवलात तर काय होईल, ते सांगू शकते."

"काय होईल?"

"असाच गुणी राहील. रडायलाही दम लागतो, आके."

मग मीरगुल बोलली. लग्न होऊन आल्यापासून सासऱ्यासमोर तिचा आवाज कधी चढला नव्हता. आत्ताही चढला नाही, फक्त कापला.

"बाबा, तुम्ही नाही म्हणालात तरी मी जाणार. चालत जाईन."

कालमुर्झा उठला. खुंटीवरचा कोट काढला. "चालत कशाला? हिच्या दिराची सीट रिकामी जाईल ना."

गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी होती. पाळणा न्यायचा नाही, घट्ट गुंडाळायचं नाही, तोंड झाकायचं नाही, असं बुरुलकानने बजावलं होतं. ओठांचा रंग आणि श्वास दिसत राहायला हवा. कालमुर्झाने पोराला सैल दुपट्यात घेतलं आणि दाराबाहेर पाऊल टाकलं. भर दुपारचं ऊन होतं.

बातमी आधीच पसरली होती. फाटकाफाटकाशी बायका उभ्या होत्या. पहिल्याच फाटकाशी बातमा, हात पिठाने भरलेले. चाळीस दिवसांच्या आतलं मूल, उघड्या तोंडाचं, सगळ्या गल्लीच्या नजरेसमोर. त्याचे पाय अडले. कोट पोरावर ओढावा म्हणून त्याचा हात वर गेला आणि तसाच राहिला. श्वास दिसायला हवा होता.

बातमाने त्याच्याकडे पाहिलं. मग ती वळली आणि आपल्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

तिच्या पलीकडची वळली. समोरच्या घरातली म्हातारी नातीच्या खांद्याला धरून सावकाश वळली, नातीलाही वळवलं. गाढवावरून सरपण नेणारा एक जण खाली उतरला आणि जनावराच्या मानेत तोंड घालून उभा राहिला.

कालमुर्झा चालू लागला. मागे मीरगुल, तिच्यामागे बुरुलकान. दोन्ही बाजूंना नुसत्या शाली आणि पाठी. पोराचं तोंड उन्हात उघडं होतं, आणि आख्ख्या गल्लीत ते बघणारा तो एकटाच होता.