टोकियोची जीभ

हिसानोरी कुवाबाराकडे चौतीस वर्षांत चहाचे चौतीस डबे आले. दर मे महिन्यात एक, जुना मित्र तेइझो ओचिआईकडून, त्याच्याच मळ्यातला, त्यानंच हातानं चोळून वाळवलेला. त्यातला घोटभर चहाही कुवाबारानं कधी चाखला नव्हता. तो कॉफीचा माणूस. नोकरीही डबाबंद कॉफीच्या कंपनीत, आणि काम काय, तर डब्यावर छापायच्या दोन-दोन ओळी लिहायच्या. तेइझोचा डबा आला की दुसऱ्या दिवशी तो ऑफिसातल्या टेबलावर जायचा, ज्याला हवा त्यानं न्यावा; निवृत्तीनंतर तो कुणा ओळखीच्याच्या हाती पडायचा. मग कुवाबारा आभाराचं कार्ड लिहायला बसायचा. चहा न पिता चहावर चार ओळी लिहिणं हा त्याच्या डाव्या हातचा मळ होता. शेवटी न चुकता एक वाक्य असायचं, ‘पुढच्या वर्षी नक्की येतो.’

ते पुढचं वर्ष काही उगवलं नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात करड्या चौकटीचं कार्ड आलं. घरात सुतक असल्यामुळे यंदा नववर्षाच्या शुभेच्छा पाठवत नाही, खाली तेइझोच्या बायकोचं नाव, मिनेको ओचिआई. तेइझो ऑगस्टमध्येच गेला होता. कॉलेजच्या वसतिगृहात दोन वर्षं ज्याच्या शेजारी अंथरूण टाकलं, तो गेल्याचं या माणसाला चार महिन्यांनी छापील कार्डावरून कळलं. आणि मेमधला शेवटचा डबा? तो त्यानं दाताच्या डॉक्टरला देऊन टाकला होता.

म्हणून तो निघाला. बेत साधा होता. उदबत्ती लावायची, वाकून नमस्कार करायचा, आणि चहाचा विषय निघायच्या आत चारची बस पकडायची. बहात्तराव्या वर्षी माणूस एवढा भित्रा असू शकतो, यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, पण असतो.

नागाहामाच्या थांब्यावर उतरणारा तो एकटाच होता. समोर समुद्र, रस्त्याकडेला जाळ्यांच्या चौकटींवर शिरासूची बारीक मासळी वाळत घातलेली, आणि मागं चढणीवर चहाच्या ओळी. फळीनं मासळी परतवणाऱ्या एका बाईला त्यानं ओचिआईंचं घर विचारलं.

“तेइझोचं होय? वर जा सरळ. जिथं चहाला फुलं आलेली दिसतील, ते घर.” बाईनं नाक मुरडलं. “फुलं! मळ्याकडं बघायला माणूस उरलं नाही की चहा फुलायला लागतो. तेइझो असता तर एक कळी टिकू दिली नसती.” मग तिनं त्याच्या काळ्या टायकडे नीट पाहिलं. “तुम्ही कुठले?”

“टोकियोहून आलोय. कुवाबारा.”

बाईच्या हातातली फळी थांबली. “अगंबाई! म्हणजे टोकियोची जीभ ती तुम्हीच का?”

“काय म्हणालात?”

“तेइझो तुम्हाला असंच म्हणायचा. अख्ख्या गावाला ठाऊक आहे. जपानात चहा कळणारा एकच माणूस आहे आणि तो माझा मित्र आहे, असं दोन प्याले पोटात गेले की सुरू. आम्ही म्हणायचो, मग आण की एकदा त्याला. तर म्हणायचा, येणार आहे, पुढच्या वर्षी.”

कुवाबारानं मान लववली आणि चढ चढू लागला. जिभेला हाड नसतं म्हणतात. लेखणीला तेवढीही लाज नसते, हे त्याला त्या चढणीवर पहिल्यांदा कळलं.

फुलं खरंच होती. पांढरी, पिवळ्या केसरांची, मुकाट्यानं खाली तोंड करून उमललेली. दारात मिनेको उभी होती. तिनं त्याला लगेच ओळखलं. लग्नातल्या फोटोत तो तेइझोच्या बाजूला होता.

“या भावोजी. उशीर केलात हो.”

“चुकलं वहिनी,” तो म्हणाला.

आतल्या खोलीत काळ्या लाकडाचा देव्हारा होता, दोन्ही दारं उघडी, आत तेइझोचा फोटो. डोक्याला पंचा बांधलेला, उन्हानं डोळे बारीक केलेले. कुवाबारानं उदबत्ती लावली, घंटा वाजवली, हात जोडले. मनात काही म्हणायला हवं होतं. चौतीस वर्षं त्या माणसाला उद्देशून एवढं लिहिलं होतं, आणि आता एक वाक्य जुळेना.

मिनेकोनं चहा आणला. तांबूस, भाजक्या पानांचा. “हा आमचा रोजचा, जाडाभरडा. तुमच्यासमोर ठेवायला लाज वाटते, पण घरात दुसरा नाही.”

तो प्यायला. गरम होता, साधा होता, भाजलेल्या तांदळासारखा वास होता. वाईट मुळीच नव्हता. त्यानं घड्याळात पाहिलं, तीनला वीस कमी होते.

“घड्याळ काय बघताय?” मिनेको म्हणाली. “चौतीस वर्षांनी आलात, चौतीस मिनिटं तरी टेका.” मग तिनं देव्हाऱ्याखालचा खण ओढला आणि एक कार्ड काढून त्याच्यासमोर ठेवलं. वाफेनं पिवळं पडलेलं, वरच्या बाजूला खिळ्याचं भोक. “चहाच्या खोपटात भिंतीवर ठोकलेलं होतं, अठरा वर्षं. तुमची बाकीची कार्डं पेटीत आहेत. हे म्हणायचे, चांगलं तर परकाही म्हणतो. याच्यात तो खरं बोललाय.”

अक्षर त्याचंच होतं. ‘यंदाच्या चहाचा शेवटी जिभेवर राहणारा किंचित कडवटपणा, तोही हवाहवासा.’

त्याला ती ओळ पक्की आठवत होती. अशी ओळ लिहिणारा विसरत नाही.

“हवाहवासा हे तुम्ही सभ्यपणानं लिहिलंत, ते ह्यांना कळलं होतं,” मिनेको सांगत होती. “पण कडवट म्हणजे कडवट. ह्यांची झोपच उडाली. तीन वर्षं पानांना द्यायची वाफ कमी-जास्त करून पाहिली. खत बदललं. शेवटी म्हणाले, हा खाऱ्या वाऱ्याचा दोष आहे. आणि समुद्राकडच्या ओळी उपटल्या.”

“कुठल्या ओळी?”

तिनं खिडकीकडे बोट केलं. उतारावर, समुद्राच्या अंगाला, काळ्या काचेच्या सौर पाट्या रांगेनं आडव्या पडल्या होत्या. “आजोबांनी बी पेरून वाढवलेली झाडं होती ती. तुमचा डबा तिथल्याच पहिल्या खुडीचा असायचा. मग वरच्या मळ्यातला पाठवायला लागले. दर वर्षी तुमचं कार्ड आलं की आधी तेच बघायचे, कडवटपणा गेला असं लिहिलंय का. तुम्ही आपलं उत्तम, उत्तम. मी म्हणायचे, विचारा ना सरळ. म्हणायचे, विचारलं तर तो बिचारा भिडेपोटी हो म्हणेल.”

कुवाबारानं समोरचं कार्ड पालथं घातलं.

“एक मागू का भावोजी?” मिनेको थोडी पुढं सरकली. “ह्यांच्या हातचा तो चहा मी कधी प्यायले नाही. तापल्या पाटावर सहा-सहा तास पानं चोळायची, तेव्हा एक डबा व्हायचा. दोन दिवस हातात चॉपस्टिक धरता यायची नाही. आणि तो एक डबा तुमचा. मी हात पुढं केला तर म्हणायचे, आपल्याला काय कळतं त्यातलं. आता ती झाडं नाहीत, ते हातही नाहीत. तुम्ही तेवढे प्यायलात. तर सांगा मला, कसा होता? समुद्राकडच्या ओळींचा?”

आणि तिनं डोळे मिटून घेतले, घोट घ्यायच्या तयारीत असल्यासारखे.

शब्द हजर होते. नेहमीच होते. “आधी,” त्यानं सुरुवात केली, “आधी एक कोवळा, ओल्या गवतासारखा वास यायचा. मग जिभेवर गोडसर...” मिनेकोच्या ओठांवर हसू आलं. ते हसू पाहून तो मध्येच थांबला. एवढ्या वर्षांत त्याच्या ओळी वाचणाऱ्याचा चेहरा त्यानं कधी पाहिलाच नव्हता.

“वहिनी,” तो म्हणाला. “वहिनी, मी...”

तिनं डोळे उघडले. त्याच्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ. मग ती उठली आणि देव्हाऱ्याची दोन्ही दारं ओढून घेतली. आधी डावं, मग उजवं. परत येऊन बसली.

“हं. आता बोला.”

“मी तो कधी प्यायलोच नाही.”

“समुद्राकडचा?”

“कुठलाच. एकही डबा नाही. ऑफिसात ठेवून द्यायचो.”

“मग कडवट कुणाला लागला?”

“कुणालाच नाही. ती ओळ मी कॉफीच्या डब्यासाठी लिहिली होती. साहेबानं नापास केली. मला आवडली होती. वाया जाऊ नये म्हणून तुमच्या कार्डावर लिहिली.”

हे मोठ्यानं उच्चारल्यावर त्याला स्वतःलाच ते खरं वाटेना, इतकं ते क्षुल्लक होतं. खून केला असता तरी काहीतरी कारण सांगता आलं असतं. त्यानं कपाळ चटईला टेकवलं आणि तसाच राहिला. आपण रडतोय हे त्याला चटई ओली लागल्यावर कळलं.

मिनेको खिडकीबाहेर पाहत होती. तिकडे काळ्या काचांवर ऊन पडलं होतं. “बी पेरून वाढवलेली झाडं,” ती पुन्हा म्हणाली, कुणालाच उद्देशून नाही. मग तिनं त्याचा पेला उचलून तबकात ठेवला. पेला अर्धा भरलेला होता.

“उठा भावोजी. चारनंतर बस नाही.”

तिनं त्याला दारापर्यंत पोचवलं नाही. पायरीवर बसून तो बूट घालू लागला. नाडी बांधायला वेळ लागला. तेवढ्यात आत देव्हाऱ्याची दारं उघडल्याचा आवाज आला, एक, मग दुसरं. घंटा वाजली.

“अहो, ऐकलंत का?” मिनेकोचा आवाज अगदी घरगुती होता, स्वयंपाकघरातून हाक मारावी तसा. “विचारलं हो मी त्यांना. म्हणाले, कडवट कधी नव्हताच. अगदी पहिल्या डब्यापासून.”