येळवशीचा पाहुणा

आदिनाथला जाऊन वर्षही झालं नव्हतं, म्हणून यंदा येळवस, म्हणजे वेळ अमावस्येला शेतात करायची पूजा, धरायची नाही, असं हिंदुरावांनी मनाशी ठरवलं होतं. तरणा मुलगा गेलेल्या घरात सण कसला? पण मार्गशीर्षातल्या अमावस्येच्या पहाटे, थंडीनं हातपाय आखडलेले असताना, त्यांना चुलीचा जाळ दिसला. त्यांची बायको बजाबाई भाकरी थापत होती.

मुलगा गेल्यापासून ही बाई चहावर जगत होती. लुगड्यात नुसती हाडं उरली होती. अक्कलकोटचे डॉक्टर म्हणाले होते, "पोटात अन्न गेलं नाही तर सलाईन तरी किती पुरणार?" म्हणून हिंदुराव तिला अडवायला गेले नाहीत.

दुधनीबाहेरच्या शेतात दोघांनी कडब्याची कोपी उभी केली. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव, मांडले. त्यांच्यापुढं भाकरी, पालेभाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे आणि ताकातल्या आंबिलाचं मडकं ठेवून बजाबाई बसून राहिली.

"आता जेव की," हिंदुराव म्हणाले.

"पाव्हणा जेवल्याबिगर मी जेवू व्हय? आणा कुनाला तरी."

येळवशीला वाटेवरच्या कुणालाही हाताला धरून पंगतीला बसवायचं, ही रीतच. एरवी ह्या शेतात बसायला जागा पुरत नसे. आज शेजारचा चन्नप्पा बांधापर्यंत आला आणि कानकोंडा झाला. "काका, तुमचं वरीस फिरलं न्हाय अजून. आमच्या म्हातारीला चालायचं न्हाय. राग धरू नका," म्हणत आल्या पावली परतला. चहूकडून हसण्याखिदळण्याचे आवाज येत होते, पण ह्या कोपीकडं कुणी बघेना.

आता अनोळखी माणूसच गाठायला हवा होता. हिंदुरावांना एसटीत 'जरा सरका' म्हणणंही कधी जमलं नव्हतं. तरी डबा आणि आंबिलाचा तांब्या घेऊन ते सडकेला उभे राहिले. हात वर केला की गाड्या आणखी जोरात जायच्या. एका मोटारीची काच खाली आली. "जागा न्हाय आजोबा!" त्यांनी तोंड उघडेपर्यंत नुसती धूळ उरली. उन्हं कलली. डबा ओढ्यात रिकामा करावा आणि जेवला कुणीतरी म्हणून सांगावं, असंही मनात आलं. पण अन्नाची लाज वाटली.

शेवटी कांद्याच्या एका टेम्पोनं करकचून ब्रेक दाबला. ड्रायव्हर उडी मारून खाली आला. "काय झालं चाचा? कुटं लागलं?"

"लागलं न्हाय. येळवस हाय. जेवता का?"

तो बघतच राहिला. "जेवायला गाडी थांबवली? मी म्हटलं ॲक्सिडेंटच झाला! शेतात यायला टाइम न्हाय, सोलापूरला माल टाकायचाय. हितंच द्या की."

टेम्पोला टेकून त्यानं डबा पुसून खाल्ला. तांब्या तोंडाला लावून रिकामा केला. "चाचीला सांगा, हारून म्हनाला, आंबील लई झकास." रिकामा डबा कसा द्यायचा, म्हणून त्यात चार कांदे घातले आणि तो गेला.

"कुटं हाय पाव्हणा?" बजाबाईनं विचारलं.

"सडकेवरच जेवला. हारून नाव त्याचं. हे कांदे दिले बघ."

"कांदे शिवारात कुटंबी मिळत्यात. मला बरं वाटावं म्हनून सांगताय." तिनं मडक्यावर झाकण ठेवलं. "कुत्र्याला घाला आता सगळं."

हिंदुरावांनी कांदे खाली ठेवले. मुलाला माती देऊन परतले तेव्हाही त्यांना इतकं एकटं वाटलं नव्हतं. खरं सांगून काही उपयोग नव्हता. मग पुढचं तोंडातून कसं निघालं, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

"भज्जी चांगली म्हनाला. पन आंबिलात मीठच न्हाय म्हनाला. चाचीचा हात गेलाय म्हनाला."

बजाबाईची मान वर झाली. किती महिन्यांनी तिच्या डोळ्यांत राग दिसला.

"माझ्या आंबिलाला नावं ठेवतोय?" तिनं वाटी मडक्यात बुडवली, घोट घेतला, तोंडात घोळवून गिळला. आणखी एक घेतला. "कमी कुटं हाय? त्या मुडद्याची जीभच मेली असंल!"

"तळाचं बघ की."

तिनं तळाचंही घेतलं. अर्धी वाटी पोटात गेली. मग हात थांबला.

"आदिनाथबी वरून मीठ घ्यायचा," ती म्हणाली आणि वाटी खाली ठेवली. भाकरीला तिनं हात लावला नाही.

गार वारा सुटला. कडब्याच्या चुडी पेटवून लोक आपापल्या शेताला फेरी घालू लागले. हिंदुरावांनी चूड पेटवली नाही. उद्या कशात काय कमी पडलं म्हणून सांगावं, ते त्यांना सुचत नव्हतं. ते एकेक भांडं गोळा करत राहिले.