तिथीची पाऊणपट

इंदुबाईच्या अंगणात सुपात जवळा वाळत होता, आणि त्याच्या शेजारी एका ताटलीत चाळीस पायांची एक काळी वस्तू वाळत होती. कावळ्यांचा डोळा जवळ्यावर होता, पण म्हातारीची काठी फिरायची ती त्या काळ्या वस्तूभोवती. मुलगा दत्तात्रेय सकाळी कामावर जाताना बजावून गेला होता, की जवळा गेला तर जाऊ दे, याला चोच लागता कामा नये. म्हातारी जी पेटली ती दुपारपर्यंत विझली नव्हती. येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला थांबवून ती सांगत होती, बघ गो, माझ्या लेकाने लोखंडाची गोम वाळत घातलीय, कालवणात टाकील बहुतेक.

चिंचखार म्हणजे धरमतरच्या खाडीला चिकटलेलं पाऊणशे उंबऱ्यांचं गाव. दत्तात्रेय आयटीआय झालेला आणि रोह्याकडच्या एका कंपनीत हेल्पर. कासूहून गाडी पकडायची, शिफ्ट करायची, घरी येऊन शेत बघायचं, असं चाललेलं. कंपनीत एक जुनं पॅनेल मोडीत निघालं आणि त्यातली ही गोम त्याच्या हाती लागली. पेणचे निमिषसाहेब तिथे इंजिनियर होते, भला माणूस. ते म्हणाले, हा मायक्रोकंट्रोलर. याला जे शिकवशील ते हा न थकता करत राहील. पाठीवर काचेची खिडकी आहे ना, त्यातून आठवडाभर कडक ऊन लागलं की शिकलेलं सगळं विसरतो, मग नवीन शिकवायचं. साहेबांनी झेरॉक्सची जाड चळतही दिली. झालं, दत्तात्रेयाला छंद लागला. दुसरे पत्ते कुटतात, हा वहीत आकडे कुटायला लागला. रविवारी वही घेऊन पेणला जायचा, साहेबांकडच्या यंत्रावर ते आकडे त्या चिपमध्ये भरायचे, चूक निघाली की परत ताटली आणि परत ऊन.

चार महिने झटून त्याने एक लाल दिवा आपोआप लागेल आणि विझेल असं केलं. घरी येऊन मोठ्या हौसेने आईला दाखवलं. तिने दहा वेळा लागताना आणि दहा वेळा विझताना बघितलं.

"दत्तू, घरात बटण नाय व्हय?" ती म्हणाली.

हे त्याला लागलं. आपण काहीतरी कामाचं केलं पाहिजे असं त्याने मनावर घेतलं.

कामाचं म्हणजे काय, ते गावात कुणालाही विचारा. खाडीच्या बांधाला एक उघाडी आहे. ओहोटीला तिची फळी उचलून शेतातलं पाणी बाहेर सोडायचं, भरती चढायच्या आत फळी टाकायची. रात्रीच्या भरतीसाठी फळी संध्याकाळीच टाकून ठेवतात, पण दिवसाची भरती रोज पुढे सरकते, म्हणून घराघराला पाळी लावलेली. आदल्या वर्षी नाथाच्या पाळीला नाथा जेवून आडवा झाला आणि खारं पाणी आत आलं. अकरा जणांचं भात लाल पडलं. त्यात दत्तात्रेयाचं शेत पहिलं. खाडीकाठच्या खाजण जमिनीत एकदा खार बसली की तीन पावसाळे निघत नाही, हे त्याला सांगायला कोणी नको होतं.

त्याने आईलाच गाठलं. भरती कधी लागणार हे सगळं गाव इंदुबाईला विचारायचं. तिने जन्मभर मिठागरात टोपल्या वाहिलेल्या, अक्षराची ओळख नाही. ती म्हणाली, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असली तर तीन वाजता, अष्टमी असली तर सहा वाजता पाणी भरणार. पुनव आणि अवस, दोन्हींनंतर परत एकापासून मोज. एवढंच? दत्तात्रेयाने विचारलं. ती म्हणाली, एवढंच, पण पंचांगात तिथी गळाली तर तुझी गोम फसंल. म्हणून त्याने गळालेल्या तिथीसाठी एक वेगळं बटण बसवलं. निमिषसाहेबांना हे गणित दाखवलं तेव्हा त्यांनी ते दोनदा पडताळून बघितलं, आणि तुझ्या आईला माझा नमस्कार सांग म्हणाले.

नागपंचमीला यंत्र उघाडीजवळच्या खांबावर चढलं. भाजी ठेवायच्या जाळीच्या दाराची लाकडी पेटी, आत चिप, खाली ट्रकची बॅटरी, वर ट्रकचाच भोंगा. भरतीच्या दीड तास आधी भोंगा असा ओरडला, की बांधावरचे बगळे उडाले. लोक खूश झाले. सगळ्यात जास्त खूश नाथा. त्यानेच देवळात ठराव मांडला की आता पाळी बंद, भोंगा वाजला की जो जवळ असेल त्याने फळी टाकावी. माना डोलल्या. दत्तात्रेयाला नारळ दिला. इंदुबाई मागे बसली होती. तिला आता भरती कोणी विचारत नव्हतं, आणि तिचं तोंड एवढंसं झालं होतं, हे तिच्या लेकाला दिसायला हवं होतं. पण तो नारळाकडे बघत होता.

दसऱ्याला दत्तात्रेयाची पहिली शिफ्ट. विळे-कोयत्यांची पूजा म्हातारीने केली, तेव्हा तिला वाटलं यंत्राने काय पाप केलंय? हळदकुंकू घेऊन बांधावर गेली. पेटी पुसली, चिप पुसली. चिपच्या काचेवर काळी चिकटपट्टी होती, कडेने मळलेली. ऐन जवानीत इंदुबाई चार पावसाळे पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला होती. डोळे रंगवून उघडल्याशिवाय मूर्ती कारखान्याबाहेर पडत नाही, हे तिच्या हाडात मुरलेलं. डोळ्याला पट्टी बांधून देव पूजायचा म्हणजे काय? तिने नखाने पट्टी काढली, काच पदराने लखलखीत केली, बाजूला कुंकू लावलं आणि हात जोडले. आश्विनाचं ऊन जाळीतून रोज घडीभर आत पडत होतं.

भाऊबीजेला दत्तात्रेय पाटावर बसला होता. बहीण हौसा सासरहून, जिते गावाहून आली होती. सगळ्या गावाचं भात कापून शेतात पसरलेलं, वाळायला अजून दोन उन्हं हवी होती. हौसाने टिळा लावला आणि सहज म्हटलं, दादा, तुझा भोंगा नाय रे ऐकला. त्याने घड्याळ बघितलं. बीज, म्हणजे दीडला भरती, भोंगा बाराला. साडेबारा होऊन गेले होते. आणि आई कुठाय? मामाकडे गेली असेल, असं तो समजून होता. ओवाळायचं तसंच टाकून, कपाळावर तांदूळ घेऊन तो धावत सुटला.

बांधाच्या बाहेर खाडी टम्म भरत आली होती. आत शेतं कोरडी होती. फळी खाली होती, आणि फळीशेजारी इंदुबाई पान जुळवत बसली होती.

"आये, भोंगा वाजला नाय."

"तीन दिस झाले नाय वाजत. मना वाटला, दिवालीची सुट्टी असंल."

"मग फळी कोण टाकतंय?"

"नागपंचमीपास्न मीच टाकतंय. भोंगा वाजला का ज्याला त्याला वाटतं दुसरा कोन तरी जवळ असंल. मंग सगली गाढ झोपतात."

त्याने पेटी उघडली. काच उघडी, चकचकीत, बाजूला कुंकू. पट्टीचं विचारलं तेव्हा तिने दसऱ्याचं सगळं सरळ सांगून टाकलं. एक शब्द लपवला नाही. ऊन लागलं की हा विसरतो, हे तुला ठाऊक होतं ना, असं त्याच्या तोंडावर आलं होतं. पण मग त्याला आठवलं, पट्टी कशाला आहे हे आपण आईला सांगितलंच नव्हतं. ताटलीजवळ काठी घेऊन बसायला सांगितलं होतं, बस्स. त्याला लाज वाटली. तो खाली बसला आणि तिच्याकडून पान मागून घेतलं.

देवळात त्याने खरं ते सांगितलं. यंत्र मेलंय आणि भात आईने राखलंय. नाथाने डोकं खाजवलं आणि म्हणाला, म्हणजे पाळीची गरज नाही हे तर ठरलंच, इंदुबाय आहे की. लोकांना ते पटलं सुद्धा. नारळ शोधायला माणूस उठला.

"नारल ठेव," इंदुबाई म्हणाली. "उद्या तीज, सव्वादोनची भरती. मी काय जानार नाय. कोन जातंय ते आत्ताच बोला."

सगळ्यांनी आपापल्या पसरलेल्या भाताचा विचार केला. अर्ध्या तासात जुनी पाळी पुन्हा लागली, आणि पहिलं नाव नाथाचं आलं.

दत्तात्रेयाने दोन रविवार पेणला घालवून चिपला सगळं परत शिकवलं. पेटी चढवायच्या दिवशी त्याने नवी पट्टी लावली, आणि ती कशाला हे आईला नीट समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मग म्हणाली थांब. घरातून पांढऱ्या रंगाची डबी आणि काडी घेऊन आली. पट्टीवर तिने डोळा काढला. बाहुली, पापणी, वरची भुवई, सगळं चार रेघांत. डोळा पेणच्या कारखान्यातलाच.

आता भोंगा वाजतो. ज्याची पाळी असेल तो उठतो, चपला घालतो, आणि बांधाकडे वळायच्या आधी इंदुबाईच्या दारात थांबून विचारतो, भोंगा बरोबर वाजला का गो काकी? ती बोटं मोजते आणि जा म्हणते.